बोलायचं असेल तर गरी बाहेर

लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर मला कळलं, की माझ्या बायकोला मासोळ्या पकडता येतात. आमचं घराणं विणकरांचं, पुढे लाखनीत कापडाचं दुकान. आमच्या घरची बाई पाण्याकाठी गरी टाकून बसलेली कोणी पाहिली नव्हती. ती मात्र दिघोरीच्या धानवाल्या शेतकऱ्याची लेक, वडिलांजवळ बसून शिकलेली. दुकान पुतण्याकडे सोपवलं त्या वर्षी आम्ही तिच्या भावाकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि ही गायब. शोधत गेलो तर भावाच्या शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवर पदर खोचून बसलेली, हातात बांबूची काडी.

तेव्हापासून जमेल त्या रविवारी आम्ही गाडीवर दिघोरी गाठतो. सामान एवढंच: बांबूच्या दोन काड्या, दोरा, गळ, पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा देठ, हे सगळं जोडलं की झाली गरी, आणि डब्यात भाकरी-ठेचा. गांडुळं शेणखताच्या ढिगाखाली मिळतात. गळाला गांडूळ लावताना मी अजूनही तोंड फिरवतो.

"दुकानात गिऱ्हाइकं बरे गळाले लावत होते," ती म्हणते. "गांडुळानं काय पाप केलं?"

मासोळ्या बहुतेक बोटभरच मिळतात. एखादी मरळ लागली तर सण. घरी ती वाळवलेल्या कैरीच्या फोडी टाकून रस्सा करते आणि मी भात जरा जास्तच खातो. मी सुखी आहे, हे मला सगळ्यात जास्त त्या बोडीवर जाणवतं. दुकानात गल्ल्यावर बसून असं कधी वाटलं नव्हतं, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

एकच जाच आहे. तिच्या वडिलांचा नियम ती तिथे कडक पाळते: गरी पाण्यात असेपर्यंत बोलायचं नाही. "बोलाचं असन त गरी बाहेर काढा." मी जन्माचा बोलघेवडा. पहिल्या वर्षी माझी गरी पाण्यात कमी आणि बाहेरच जास्त असायची.

या दिवाळीआधी मुलाचा पुण्याहून फोन आला. आईबाबांनी आता तिकडेच यावं, तो मोठं घर भाड्यानं बघतोय. मी तिथल्या तिथे म्हणालो, "येतो ना. दिवाळी झाली की येतो." तोंड आधी धावतं आणि डोकं मागून येतं, तसं माझं आहे. फोन ठेवल्यावर ती अंगणातून आत आली, हातात तांदूळ पाखडायचं सूप. मी तिला काही सांगितलं नाही. आठ दिवस सांगितलं नाही.

मग मी डाव आखला. बोडीवर सांगायचं. मी माझी गरी बाहेर काढणार, तिची पाण्यात असणार, म्हणजे तिला लगेच उलट बोलता येणार नाही. एकतीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाचं डोकं ते.

त्या रविवारी बांधापलीकडे कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात वाळत पडल्या होत्या. मी गरी काढून मांडीवर ठेवली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मुलाचं म्हणणं, घर, माझा होकार. तिनं मान वळवली नाही. नजर मोरपिसाच्या देठावरच. मला वाटलं, सुटलो.

पण ती बोलेचना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला भांडण सोसतं, हे सोसेना. तिचा देठ दोनदा हलला, तिनं ओढला नाही. तेव्हा कळलं, की ती मासोळीकडे बघतच नाहीये.

शेवटी तिनं गरी वर घेतली. गळ रिकामा होता. तिनं तो पुसला, दोरा काडीला शांतपणे गुंडाळला.

"तुमाले जाचं असन त जा," ती म्हणाली. "मले इथंच राहाचं हाय. लेकाले भेटाले येत जाईन, राहाले नाई."

"मग मी तिथं एकटा काय करू?"

"थे तुमीच पाहा. तुमचं तुमी सांगा, माहं मी सांगीन."

आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. एवढ्या वर्षांत लग्नाची आमंत्रणं, पाहुणे, मुलाचं कॉलेज, सगळीकडे 'आम्ही' म्हणून मीच बोलत आलो होतो.

तिथूनच मुलाला फोन लावला. म्हणालो, "बेटा, मी घाई केली. तुझी आई तिथं राहाले येणार नाई."

त्यानं लगेच विचारलं, "अन् तुमी, बाबा?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नवीन गांडूळ लावून गरी केव्हाच पाण्यात सोडली होती, म्हणजे आता ती बोलणार नव्हती. माझं उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मले तिच्यासंगं राहाचं हाय," मी म्हणालो.

देठ बुडाला होता. तिचं लक्षच नव्हतं.