उद्धवच्या कानातला कापूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, बँडमधल्या एकालाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना स्वतःचाच संताप येतोय.

सत्तरच्या दशकात भंडाऱ्यात माझी बँडपार्टी होती. मी क्लॅरिनेट वाजवायचो. सगळे मला मास्तर म्हणायचे. पुढे लोकांना नुसता बँड पुरेना. मग मी गाणाऱ्यासाठी माईक घेतला आणि हातगाडीवर दोन भोंगे चढवले. तरी वरातीतले ओरडायचेच — अजून वाढवा! शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, तेव्हाच लग्न दणक्यात झालं — ही कुठली रीत? पण आवाज वाढवणारा हात माझा होता, त्यांचा नव्हे.

भोंग्यांच्या अगदी तोंडापुढे चालायचा उद्धव, आमचा ढोलवाला. पवनीचा. दारूच्या थेंबालाही न शिवणारा.

एका उन्हाळ्यात माझ्या कानात शिट्टी वाजू लागली. घरी आलो तरी थांबेना. डॉक्टरांनी बजावलं — भोंग्यापासून लांब राहा, कानात बोळे घाला. एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. मी निमूट मानलं. फेट्याखाली बोळे दडवले आणि वरातीच्या सर्वांत पुढे चालू लागलो. बाकीच्यांना सांगितलं? नाही. सांगितलं असतं तर भोंगे मागे घ्यावे लागले असते, सुपाऱ्या दुसऱ्या बँडकडे गेल्या असत्या.

मग उद्धवच म्हणाला, "मास्तर, भोंगे जरासे मांगं घ्या ना. कानात शिट्टी वाजून राहिली."

"बाजेवाल्याच्या कानात शिट्टी नाई त काय कोकिळा वाजन?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या लग्नाला, आंबागडला, तो कानात कापूस घालून आला. मी तो चारचौघांत ओढून काढला. "नवरी हायेस काय, एवढा नाजूक?" — माझ्या स्वतःच्या कानात बोळे असताना! हे हात कसे धजले?

दोन-तीन वर्षांत त्याचे ठोके चुकू लागले. भंडाऱ्याच्या एका वरातीत मी थांबायची खूण केली, सगळे थांबले. उद्धव खाली मान घालून एकटाच ढोल बडवत राहिला. नवरदेवाचा मामा माझ्यावर खेकसला. आणि मी — सगळं ठाऊक असलेला मी — म्हणालो, "पिऊन आला असंन."

उद्धव माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला ऐकूच आलं नाही. मी काहीतरी बरं बोललो असं समजून तो हसला, म्हणाला, "हो, मास्तर."

तेवढं पुरे झालं. त्याने कबूलच केलं, म्हणाले लोक. मी त्याला काढलं. दुसऱ्या कुठल्या बँडने घेतलं नाही. पवनीत पोरं त्याला बेवडा म्हणू लागली. हाक मारली तरी वळत नाही, म्हणजे प्यालेलाच, असा सगळ्यांचा ग्रह. एवढ्या मोठ्या गावात एकाच्याही मनात कानांचा विचार येऊ नये?

एक दिवस त्याची बायको एसटीने माझ्या दारात आली. बसलीसुद्धा नाही.

"मास्तर, खरं सांगा. हे पेतेत काय? मले त कधी वास नाई आला."

मी म्हणालो, "मले काय मालूम, बाई. लोक म्हणतेत."

तिने पदर सावरला आणि गेली.

उद्धव वारला, तेव्हाही गावाच्या लेखी तो दारुडाच होता. तो कधीच प्यायला नव्हता. मला माहीत होतं.