पेंटरकाकांच्या हृदयाचा फोटो

पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवतात. वय सदुसष्ट, पण हात अजून पक्का. हल्ली शिडी चढताना छातीत जड वाटायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी हृदयाचं सीटी स्कॅन सांगितलं.

"मला बोगद्यात घालणार! मी नाही जात," काकांनी घरी येऊन जाहीर केलं.

त्यांची सून शाळेत विज्ञान शिकवते. तिने काकांच्याच पेटीतलं चिकटपट्टीचं रीळ उचललं आणि त्यातून ब्रश आरपार नेला. "हे मशीन, हे तुम्ही. दोन्हीकडून उघडं."

"मी एवढा बारीक?" काका सुखावले.

पण आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद म्हटल्यावर पुन्हा बिनसलं. काकांना दिवसाला आठ कप लागत.

"बाबा, चहाने ठोके वाढतात. हलणाऱ्या भिंतीवर तुम्ही अक्षर काढाल?"

हे मात्र पटलं. रक्ताची तपासणी झाली, सगळ्या गोळ्यांची यादी झाली. साखरेची गोळी घ्यायची की नाही, ते सुनेने डॉक्टरांना फोन करून विचारलं. स्कॅनच्या आधी चार तास काकांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

स्कॅन सेंटरवर नाडी भरली ब्याऐंशी. ठोके कमी करायची गोळी देऊन नर्सने त्यांना बसवलं. तासाभराने पुन्हा मोजली, तर अठ्ठ्याऐंशी! काका समोरच्या पाटीकडे डोळे वटारून बघत होते. पाटीवर लिहिलं होतं, 'शातंता राखा.'

"अनुस्वार बघा कुठे टाकलाय!" काका तळमळले.

नर्सने हसत त्यांची खुर्चीच फिरवली. थोड्या वेळाने नाडी एकसष्टवर आली.

छातीला तारा चिकटवल्या, हाताला सुई लावली. "औषध गेलं की अंग गरम होईल. लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही," नर्सने बजावलं. मग आवाज आला, "श्वास रोखा." बारीक रेघ ओढताना काका जन्मभर श्वास रोखतच आले होते. दहा सेकंद म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ.

खाली उतरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ताई, नक्की नाही ना झाली?"

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. काका चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिले. "रेषा सुरेख आहेत. फक्त इथे जरा ब्रश अडकलाय."

"अगदी बरोबर. एक रक्तवाहिनी थोडी अरुंद आहे. ऑपरेशन नको. गोळ्या घ्या आणि रोज चाला."

आता काका रोज सुनेला शाळेपर्यंत सोडायला जातात. ती झपझप चालते आणि मागून ओरडा येतो, "अगं, घंटा व्हायला अजून वीस मिनिटं आहेत!"