इंदूरचा नंदी

साल चौतीस असेल किंवा पस्तीस. मला बिजवराला दिली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. विंचूरहून निघाले ती थेट नाशकात, पंचवटीतल्या दोन खोल्यांत येऊन पडले. घरात नवरा, म्हणजे कचेरीतला एक गरीब स्वभावाचा कारकून, आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा. मुलाची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. नवऱ्याशी माझं आठवडाभरात जमलं. मुलाशी काही केल्या जमेना.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार जाणारी नव्हते. पण हा शहाण्यासारखा वागायचा. मला हाक मारावी लागू नये म्हणून जवळ येऊन उभा राहायचा आणि माझं लक्ष जाईपर्यंत तसाच थांबायचा. मी हातानं लाडू पुढे केला की खाली बघून म्हणायचा, "ताटात ठेवा." ते "ताटात ठेवा" ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी आत जाऊन भांडी आपटायची आणि मग पदरानं डोळे पुसायची. मला तो आवडायला लागला होता, हीच तर अडचण होती.

त्याला नाद होता जुन्या नाण्यांचा. सुपारीच्या एका डब्यात पंधरा-वीस नाणी होती. रविवारी सकाळी तो पाट मांडून त्यावर ती ओळीनं लावायचा. मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराया, एक ढब्बू पैसा, निजामाकडचं चारमिनार असलेलं एक नाणं. सगळी काळीकुट्ट. एक नाणं मात्र फडक्यात बांधलेलं असे. ते सोडायचा, बघायचा आणि ओळीत न लावता परत बांधून ठेवायचा. मी तांदूळ निवडता निवडता लांबून बघत असे. मला ते बाकीच्यांपेक्षा तांबूस दिसायचं. म्हटलं, खोटं निघालं असेल, म्हणून बाजूला ठेवतोय.

पुढच्या वैशाखात त्याची मुंज ठरली. मुंजीच्या सकाळी मातृभोजन असतं. मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो, मग तो बटू झाला, आईच्या उष्ट्यातला उरला नाही. आमच्या वन्सं म्हणाल्या, "मी बसते हवं तर ताटाला, पोर जेवेल तरी." भटजी म्हणाले, "आई घरात असताना आत्या कशाला?" झालं, मी बसायचं ठरलं. वन्सं वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. भीती मलाही तीच होती. जो मुलगा माझ्या हातून लाडू घेत नाही, तो पन्नास बायकांसमोर माझ्या हातचा घास घेईल का? नाही घेतला, तर मी त्या घरात आई म्हणून पुन्हा कोणत्या तोंडानं वावरणार होते?

एका रात्री वाढताना मी ऐकलं, तो वडिलांना सांगत होता की वर्गातल्या एका मुलाकडे इंदूरचा अर्धा आणा आहे, त्यावर नंदी बसलेला आहे. वडील म्हणाले, "असं का," आणि ताक मागितलं. मी मनात गाठ मारली. घास घेण्याआधी त्याच्या हातात नंदी ठेवायचा. लाच म्हणा हवं तर, मला त्याची लाज नव्हती.

इंदूरकडचे यात्रेकरू आग्रा रस्त्यानं नाशकाला येत, त्यांच्या कनवटीला तिकडचे पैसे असत. इंग्रजी हद्दीत ते चालत नसत, मग कुणी गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, टाकी, कुणी मिळेल त्या भावात विकून टाकी. बुधवारच्या बाजारात गंगेच्या पात्रात एक म्हातारे मुसलमान गृहस्थ फडकं अंथरून बसत. कुलपं, किल्ल्या, कात्र्या, आणि एका झाकणात अशी जुनी नाणी. मुंज शुक्रवारी होती. बुधवारी मी तिथं जाऊन उकिडवी बसले. माझ्याजवळ भाऊबीजेचा एक रुपया होता, आणि त्यातच मुंजीसाठी बांगड्या भरायच्या होत्या.

"कुणाला पायजे, बाई?" त्यांनी विचारलं.

"मुलाला," मी म्हटलं. हा शब्द मी त्याच्याबद्दल परक्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला. माझं मलाच कसंनुसं वाटलं.

"मग मूठभर शिवराया लेके जाव ना. पोरगा खूश होईल. नंदीला सहा आणे पडतील."

"अर्ध्या आण्याला सहा आणे? बैल जिवंत आहे का?"

ते हसले आणि त्यांनी तीन नंदी काढून माझ्यापुढे ठेवले. मूठभर शिवराया दिल्या असत्या तर ओंजळ भरून दिसली असती, चार बायकांत शोभाही झाली असती. पण त्याला हवा होता नंदी. नको ते मूठभर घेऊन मुलं काय करतात, ते मी आमच्या घरात सात भावंडांत बघितलं होतं. पहिल्या नंदीला भोक पाडलेलं होतं. कुणाच्या तरी लेकराच्या गळ्यात असणार. तो मी पटकन खाली ठेवला. दुसऱ्यावरची अक्षरं ठसठशीत, पण बैल झिजून सपाट झालेला. तिसऱ्याची अक्षरं गेली होती, नाकही गेलं होतं, पण वशिंड भरदार, पाय नीट दुमडलेले, कान टवकारलेले. नाण्यातलं मला काही कळत नव्हतं. बैलातलं मात्र विंचूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तिसरा घेतला.

"नाक नाही याला," मी घासाघीस सुरू केली.

"नाक नाय, पण बसलाय कसा बघा ना रुबाबात!"

चार आण्यांवर तुटलं. बांगड्या चार कमी भरल्या.

दुसऱ्या दिवशी मुंजीसाठी ताम्हन, पळी, पंचपात्र सगळं घासायला काढलं होतं. मी चिंच भिजवली, राख घेतली, आणि त्या ओघात नंदीही घासला. एवढ्या बायकांत काळाठिक्कर पैसा मुलाच्या हातावर काय ठेवायचा? नंदी असा लखलखून निघाला की मीच त्याच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी मोठ्या कौतुकानं नवऱ्याला दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, घासलास? तो नाण्यांना पाणीसुद्धा लागू देत नाही. मी एकदा एक उपरण्यानं पुसलं, तर पठ्ठ्या जेवला नाही त्या दिवशी."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तू विचारलंस कधी?"

खरं बोलत होते, म्हणून मला जास्तच राग आला. बाजार उठून गेला होता आणि पैसेही संपले होते. आता हे द्यायचंच नाही असं ठरवलं, आणि तरी सकाळी पदराच्या टोकाला बांधून घेतलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मुंजीच्या सकाळी आम्ही दोघं एका पानावर बसलो. भोवती बरोबरच्या बटूंची पंगत, मागे बायका. पोरं मिटक्या मारत जेवत होती. मी वरणभात कालवून घास पुढे केला. त्यानं मान खाली घातली आणि हळूच म्हटलं, "पानात ठेवा."

मागची कुजबूज एकदम थांबली. "घे रे राजा, मुहूर्त टळेल," वन्सं म्हणाल्या. त्याची मान आणखीच खाली गेली. मला त्याचा राग आला नाही. एवढंसं पोर, सगळ्यांनी मिळून कोंडीत धरल्यासारखं झालं होतं. मी घास पानात ठेवला, डाव्या हातानं पदराची गाठ सोडली आणि नाणं त्याच्या गुडघ्याशी ठेवलं.

"तुझ्यासाठी आणलंय. जेवलास काय, नाही काय, ते तुझंच आहे."

त्यानं उचललं. उलटंपालटं केलं. "नंदी," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "चिंच लावलीत?"

"लावली. मला माहीत नव्हतं रे."

तो बराच वेळ नाण्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "आईनंपण लावली होती. माझ्या शिवराईला. देवाच्या भांड्यांबरोबर घासून टाकली. मी तिच्याशी बोललोच नाही मग." जरा थांबून म्हणाला, "नंतर ती आजारी पडली."

 दोन-अडीच वर्षं हे ओझं एवढासा जीव एकटा वाहत होता, आणि मी भांडी आपटत होते.

"अरे, आई होती ती," मी म्हटलं. "तुझा राग किती वेळ टिकतो, ते तिला माहीत नसेल का?"

त्यानं नाक ओढलं. नंदी मुठीत घट्ट धरला.

"मी आत्ता रागावलो नाहीये," तो म्हणाला, आणि माझ्याकडे तोंड करून आ केला.

मी घास दिला. दुसरा दिला. मागे कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक वन्संनीच. आईनंही त्याच पानात जेवायचं असतं, पण मी त्यालाच घासावर घास भरवत राहिले. तेव्हा तोच म्हणाला, "जेवा ना तुम्ही."

पुढच्या रविवारी तुळतुळीत डोक्याचा आमचा बटू पाट मांडून बसला. मी तांदळाचं सूप घेऊन लांबूनच बघत होते. ओळ लागली, पण तिच्यात नंदी दिसेना.  चमकवलेलं नाणं ओळीत कोण लावणार, म्हटलं. शेवटी राहवेना, जवळ गेले.

"नंदी कुठंय रे?"

"यात," तो म्हणाला. त्यानं डब्यातलं फडकं काढून सोडलं. आत आईनं घासलेली ती तांबूस शिवराई होती, आणि तिला लागून माझा नंदी. त्यानं ते फडकं दोन्ही नाण्यांसकट उचलून माझ्या हातावर ठेवलं.