गांडुळांवर पोसलेल्या कोंबड्यांची अंडी

अंड्यांच्या खोक्यावर ‘गावरान’ छापलेलं असतं. फोडलं की बलक फिका. डोंबिवलीतला आमचा दुकानदार म्हणतो, केशरी पण येतो, खाद्यात रंग घालतात. रंग नकोय मला. मला बाळकुमच्या आत्याची अंडी हवीत, आणि ती आता कुठे मिळत नाहीत.

आत्याची जमीन टॉवरला गेली, पण कुंपणालगतची एक पट्टी तिने वापरात ठेवलेली. तिथे तिच्या कोंबड्या आणि मागच्या तबेल्यातून आणलेल्या म्हशींच्या शेणाचा ढीग. ताजं शेण आतून तापतं, त्यात गांडुळं मरतात. म्हणून ती ते आधी पसरून थंड करायची, मग गांडुळं सोडायची. चांगली पोसली की काढून धुवायची आणि रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवायची, म्हणजे त्यांच्या पोटातलं शेण बाहेर पडतं. "कोंबडीला शेण नाय घालायचं रे, मटण घालायचं," म्हणायची.

ती चुकत नव्हती. सुकवलेल्या गांडुळाचं निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचं असतं. लोक डबाभर प्रोटीन पावडर विकत घेतात आणि गांडूळ दिसलं की नाक मुरडतात.

गेल्या वर्षी टॉवरच्या सोसायटीने पार्किंगसाठी ती पट्टी मागितली. मी रात्रीतून पत्रक लिहिलं, ‘शेणातून अन्न: हा ढीग हटवू देऊ नका’, आणि लिफ्टजवळ उभा राहून वाटलं. त्यांच्या मीटिंगमध्येही आत्याच्या बाजूने बोललो. बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"पटलं हो. आम्हीपण ह्यांचीच अंडी खातो. पण एवढी प्रथिनं आहेत तर तूच खा की सुकवून. जिमला जातोस ना?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने आत्या हसली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "आता सह्यांची मोहीम काढू. दारोदार जातो मी."

"माझी सही कवाच झाली," ती म्हणाली. "जागा मीच देते बोलले."

"अगं आत्या, मग मी इतके दिवस काय करतोय?"

"तू बोलत होतास. बरं वाटत होतं ऐकायला." मग म्हणाली, "तबेला गेला शीळफाट्याला. म्हशीच नाय तर शेण कुठून आणू? आणि आलं तरी उपसणार कोण, तू?"

भांडायची सगळी तयारी करून आलेलो, आणि समोर आत्या.

उरलेली गांडुळं तिने त्याच संध्याकाळी धुतली. सकाळी कोंबड्यांना टाकली, आणि दुपारी कोंबड्या टोपलीत घालून तबेलेवाल्याकडे पाठवून दिल्या. तिथे शेण आहे, गांडुळं पोटभर खातील, म्हणाली.

त्या अंड्यांची इतकी आठवण यायला लागली की मध्यंतरी शीळफाट्याला उतरलो. तबेलेवाल्याने ओळखलं आणि दोन अंडी हातावर ठेवली.

"ह्यांना गांडुळं घालता ना?" मी विचारलं.

"कोण धूत बसणार? पोत्यातलं खाद्य आहे ना."

त्याच्या मागे शेणाचा डोंगर होता, वाफा निघत होत्या. आत्याच्या कोंबड्या त्याच्या कडेकडेने फिरत पायांनी उकरत होत्या.