न वाजणारा वाल्व

आष्ट्याला माझ्या मेहुण्याच्या दारात एक तांबडी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार उभी असते. ती किती वेगाने पळू शकते ते मला ठाऊक नाही. मी तिला रस्त्यावर पाहिले तेव्हा ती उसाच्या ट्रॉलीमागून बैलाच्या चालीने येत होती. मेहुणा आत प्रसन्न होता. हॉर्न वाजवायचा नाही, लोकांनी आपणहून वळून पाहिले पाहिजे, असे त्याचे धोरण आहे.

गेल्या हिवाळ्यात इंजिनातून टिकटिक येऊ लागली आणि मेहुण्याने हवालदारांना बोलावले. त्यांनी सैन्यात गाड्या दुरुस्त केल्या, आणि निवृत्तीनंतर सांगली रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेच करत आहेत. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून त्यांनी इंजिन ऐकले आणि सांगितले, वाल्वच्या फटी मोजाव्या लागतील. मात्र इंजिन रात्रभर गार पडले पाहिजे. तापलेले लोखंड फुगते आणि फट खोटी दिसते.

मेहुण्याच्या घरी ही अट फार कठीण होती. कोणी चहाला आले की तो इंजिन सुरू करून ऐकवणार, आणि त्याच्याकडे पहाटे फिरायला निघालेले लोकही चहाला येतात. तीन दिवस हवालदार सकाळी सातला आले, इंजिनाला कोपर टेकवून पाहिले आणि परत गेले. हात का लावत नाहीत, हे विचारायचे मला सुचले नाही. मी साताऱ्याहून आठवडाभरासाठी गेलो होतो. चौथ्या रात्री गाडीची किल्ली उशीखाली घेऊन झोपलो.

सकाळी इंजिन थंडगार होते. हवालदारांनी प्लग काढले, वरचे झाकण उचलले. आत दोन कॅमशाफ्ट शेजारी शेजारी पहुडलेले होते. त्यांच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, तेच फिरता फिरता वाल्व दाबतात. पान्याने इंजिन हळूहळू फिरवायचे, उंचवट्याचे टोक वर गेले की खालच्या फटीत मापाचे पाते सरकवायचे आणि ते किती अडते ते बोटांनी जोखायचे, एवढे काम. हवालदारांच्या हातून ते पाते पडले. उचलून पुन्हा लावले, पुन्हा पडले. मेहुणा अंगणात फोनवर बोलत होता. त्याच्याकडे एकदा बघून ते हळू आवाजात म्हणाले, "सर, साखरेनं बोटं बधिर झाल्याती. पान्याचं समजतंय. पात्याचं न्हाई समजत."

मेहुण्याला कळले तर ही गाडी दुरुस्तीला पुण्याला जाईल, असे त्यांनी सांगितले. त्याचे त्यांना वाईट वाटले नसते. पण मोठ्या माणसाची गाडी कुठे जाते ते पाहून बाकीचे लोक मिस्त्री ठरवतात, आणि मग शेड बंद.

"तुमी वडा," ते म्हणाले. "काय लागतंय तेवढं मला सांगा."

मी ओढले. आयुष्यभर वर्गात दुसऱ्यांच्या भावना समजावून सांगितल्या, पण पात्याला काय वाटते ते सांगता येईना. किंचित अडखळते, म्हणालो.

"किंचित म्हंजी? लोण्यातनं केस, का तव्यावरनं भाकरी?"

"भाकरी. नीट भाजलेली."

"मग बराबर हाय. फुडं."

असे आम्ही सोळा वाल्व तपासले. दोन ठिकाणी लोण्यातला केस निघाला, म्हणजे फट जास्त. टिकटिक त्यांचीच होती. एका ठिकाणी मात्र पाते आतच जाईना. इथून तर कधी आवाज आला नाही, मी म्हणालो.

"वाजतोय त्याचं एवढं काय न्हाई, सर. फट नसली की वाल्व पुरता मिटत न्हाई. गप बसतोय आन जळून जातोय."

आमच्या कॉलेजात सगळा बंदोबस्त वाजणाऱ्यांचा असे.

वाल्ववरच्या, फट ठरवणाऱ्या चकत्या बदलायच्या तर कॅमशाफ्ट उचलावे लागणार होते. हवालदार सांगलीला जाऊन चकत्या घेऊन आले, कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीवर आणि तिच्या चाकांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, सगळे उचलले, बसवले. यात माझी गरज नव्हती. मग हाताने इंजिनाचे दोन पूर्ण फेरे देऊन त्यांनी वाकून पाहिले. एका चाकाची खूण इंजिनावरच्या रेषेच्या जरा अलीकडे होती. मला ती जवळजवळ बरोबर वाटली.

"एक दात चुकलाय," ते म्हणाले, आणि सगळे पुन्हा खोलायला बसले. दुसऱ्या वेळी दोन्ही खुणा रेषेवर आल्या. मी पुन्हा सोळा वेळा पाते ओढले. सगळीकडे भाकरी.

संध्याकाळी मेहुण्याने दहाबारा माणसे जमवली, नारळ फोडला, गाडीला हार घातला. बिघडलेली वस्तू पूर्ववत झाली, त्याचे हे उद्घाटन. इंजिन सुरू झाले. टिकटिक नव्हती. मेहुणा सगळ्यांना म्हणाला, "हवालदारांच्या बोटांत जादू हाय, बघा."

मी जमिनीकडे पाहू लागलो. हवालदार पाना पुसत होते.

"बोटं गेली माजी, मालक," ते म्हणाले. "पातं सरांनी वडलं. मी नुसतं इचारत हुतो."

मेहुण्याने इंजिन बंद केले. पाहुण्यांसमोर ते त्याने आपणहून बंद केलेले मी प्रथमच पाहिले. तो माझ्याकडे वळला. "दाजी, खरं हाय?"

खरे आहे, म्हणालो. आणि खूण एका दाताने चुकली होती, ती मी पास केली होती, यांनी नाही, हेही सांगितले.

मेहुणा थोडा वेळ हाराची फुले सरळ करत राहिला. मग त्याने हवालदारांना विचारले, आता पुढे काय. उद्या इंजिन गार पडल्यावर फटी आणखी एकदा बघायला हव्यात, ते म्हणाले.

"मग दोघंबी सातला बसा," मेहुणा म्हणाला, आणि किल्ली त्याने स्वतः माझ्या हातात दिली.

तेवढ्यात उशिरा पोचलेल्या एका पाहुण्याने इंजिन ऐकवायची विनंती केली. मेहुण्याने त्याला चहा दिला.