आठ दिवस आधी कापायची पानं

राधाबाईंनी सांतानकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते त्याने त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली तेव्हा. कट्टा गावाजवळच्या त्यांच्या परड्यात, घरामागच्या वाडीत, तो काजूची कलमं बांधायला आला होता. वय असेल बावीस-तेवीस. राधाबाईंनी त्याचीच सुरी उचलून गोणीची सुतळी कापायला घेतली होती.  त्याने सुरी पुसून खिशात ठेवली आणि सुतळी दातांनी तोडून दिली. कलमाची सुरी दुसऱ्या कशाला लावायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, हा त्याचा नेम. पुढची पस्तीस वर्षं तो दर पावसाळ्यात येत राहिला.

गेल्या वर्षी श्रावणात घाटीची चढण चढताना त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांना हृदयाच्या नळीत अडथळा असल्याचा संशय होता. मोठ्या तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. फेबी, त्याची बायको, घाबरली. तिने घागर उचलू दिली नाही, चढावर जाऊ दिलं नाही. मुलगा एल्टन गोव्याहून येऊन स्कूटरची किल्ली घेऊन गेला. सगळं मायेनं चाललं होतं. सांतान घरापुढच्या सोप्यावर बसून असायचा. विचारलं तर हसायचा, म्हणून घरच्यांना वाटलं, बरा आहे.

एके दुपारी तो हळूहळू चालत राधाबाईंकडे आला आणि फडक्यात गुंडाळलेली सुरी त्यांच्यापुढे ठेवली.

"ठेव गो तुज्याकडे. माका आता नको."

 राधाबाईंना परड्यातला मोठा काजू आठवला. कलमाची काडी झाडावरून काढायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ राखून कापायची असतात, म्हणजे शेंड्याचा डोळा, तिथला कोंब, फुगतो. दरवर्षी या दिवसांत सांतान ती कापून जायचा. यंदा कापली नव्हती. ज्याला आठ दिवसांनंतरचं काही करायचंच नाही, तो पानं कशाला कापेल? राधाबाईंनी सुरी पदराआड घेतली आणि सरळ विचारलं.

"सांतान, जीव देवचो इचार येता मनात?"

तो काजूकडे बघत म्हणाला,

"येता. माजो आता उपेग काय? घरच्यांक तरी सुटका."

"बरा केलंस सांगलंस ता. आता हयसून हलूचा नाय."

त्यांनी सुनेला, अक्षयाला, फेबीकडे पाठवलं. फेबी आली ती रडतच. चहा झाला आणि त्याच दुपारी सांतान, फेबी आणि राधाबाई अशी तिघं रिक्षाने ओरोसला मनाच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, हृदयाचं दुखणं कळलं की, नुसता संशय आला तरी, काही माणसांच्या मनात असं येतं. यात लाज नाही, उपचार आहेत. तपासणीपर्यंत त्याला एकटं ठेवू नका. आणि सगळीच कामं काढून घेऊ नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून झेपेल ते करू द्या.

दुसऱ्या दिवशी राधाबाईंनी स्वतःच काजूची पानं कापली. त्याला ते दाखवायला बोलावलं, तर सांतान कितीतरी दिवसांनी चिडला. "देठ खंय ठेवलंस? कोयत्यान छाटलंस काय गो?"

"मग शिकव. तू नाय सांगलंस तर माका कोण सांगतलो?"

तो स्टुलावर बसला आणि देठ कुठे राखायचा ते बोटाने दाखवू लागला. फेबी कुंपणाशी उभी होती. तिने त्याला घरी चल म्हटलं नाही.

तपासणीत एक नळी अरुंद निघाली. गोळ्यांवर भागेल असं ठरलं. बसून कलमं बांधायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. त्या हंगामात चाळीस बांधली, एकतीस जगली. राधाबाईंनी छाटलेल्या काड्यांमधली दोनच, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

सांतान आता महिन्यातून एकदा फेबीबरोबर ओरोसला जातो, दोन्ही डॉक्टरांना भेटतो. सुरी अजून राधाबाईंच्या घरीच असते. सकाळी आठला तो ती मागायला येतो, आणि दहाला पुसून परत देऊन जातो.