नदीच्या रेतीतला केक

घिवलीच्या इंदुबाईच्या नाकाला गावात मान होता. टोपलीत हात न घालता ती सांगायची, वरचे बोंबील आजचे आहेत आणि खाली कालचे दडवलेत. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथल्या अमेरिकन साहेबांच्या वसाहतीत ती एका बंगल्यावर कामाला जायची, तेव्हा मडमलाही या नाकाची ओळख पटली होती. फ्रिजमधली दुधाची बाटली मडम आधी इंदुबाईच्या नाकाखाली धरायची आणि इंदुबाईनं मान हलवली तरच चहात ओतायची.

वसाहत नवी होती तेव्हा घिवलीतल्या बायका तिकडं कामाला जायला कचरत होत्या. साहेबलोक काय काय खातात याबद्दल गावात बऱ्याच गोष्टी चालायच्या. इंदुबाई म्हणाली, "ते खातात ते त्यांच्या पोटात जातं. मला काय, भांडी घासायची." घर मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांचं; नवरा आत्माराम आणि मुलगा रामू होडीवर जायचे. घरात तोंडं कमी होती आणि इंदुबाईला नुसतं बसायची सवय नव्हती. आधी ती झाडू मारायला लागली, मग बटाटे सोलायला, आणि वर्षाच्या आत ती मडमच्या स्वयंपाकघरात बरोबरीनं उभी राहू लागली. मडमला मराठी येत नव्हतं, इंदुबाईला इंग्रजी. दोघींचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं आणि छान चालायचं.

मडम दर शनिवारी सफरचंदाचा केक करायची. सफरचंदाच्या बारीक फोडी, मैदा, साखर, अंडी, दालचिनीची पूड. भट्टीतून बाहेर काढला की तो खिडकीत गार करायचा आणि मग वरून पिठीसाखर, दूध नि लिंबाच्या रसाचं पांढरं पातळ मिश्रण ओतायचं. ते वाळलं की त्याचा चकचकीत पापुद्रा व्हायचा. इंदुबाई त्याला साखरेची साय म्हणायची. केक गरम असताना साय ओतली तर मडम ओरडायची, म्हणून इंदुबाईनं ते पक्कं लक्षात ठेवलं होतं.

सदुसष्ट सालच्या पावसाळ्यात सून पुष्पलता गरोदर राहिली. ती सातपाटीची, मासळीच्याच घरातली, कामाला वाघीण. पण दिवस गेल्यापासून तिच्या पोटात काही ठरेना. पेज प्यायली की बाहेर, भाकरी खाल्ली की बाहेर. चौथा महिना लागला तरी तेच. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पालघरच्या नर्सबाई म्हणाल्या, "हिच्या पोटात अन्न गेलंच पाहिजे. अशी राहिली तर पोरही जाईल नि पोरगीही."

इंदुबाईची विधवा नणंद जमना शेजारच्याच घरात राहायची. ती रोज उंबऱ्यात येऊन सल्ला द्यायची. "वयनी, तिला माहेरी धाडून दे. तिथं खाईल."

"तिथं काय वेगळा तांदूळ पिकतो काय, वन्सं?"

"आमच्या वेळी असे चोचले नव्हते, एवढंच सांगते. मी सुका जवळा खाऊन तीन बाळंतपणं केली."

पुष्पलता भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. काय होतंय विचारलं तर एकच उत्तर, "पोटात ढवळतंय, आई."

एका शनिवारी मडमनं केकचा एक तुकडा मेणकागदात गुंडाळून दिला. इंदुबाईनं तो पुडीसकट सुनेच्या हातात ठेवला. पुष्पलतानं पुडी उघडली, जरा थांबली आणि तुकडा खाल्ला. कागदाला चिकटलेली साखरेची साय बोटानं काढून चाटली. संध्याकाळ झाली तरी काही बाहेर आलं नाही. इंदुबाईनं देवाजवळ दिवा जरा लवकरच लावला.

पुढच्या शनिवारीही तेच झालं. मग नाताळ आला आणि मडम साहेबाबरोबर दिल्ली-आग्रा बघायला निघून गेली. बंगल्याला कुलूप लागलं. बोंबलांचे दिवस होते, म्हणून इंदुबाई पुन्हा घरच्या कामाला लागली. पहाटेपासून बोंबील जोडीजोडीनं अडकवून दारातल्या बांबूंच्या दांड्यांवर सुकायला टांगायचे. पुष्पलता पुन्हा काही खाईना.

"आपण घरीच करू," इंदुबाई रामूला म्हणाली. "बोईसरला जाऊन सफरचंदं घेऊन ये."

बोईसर स्टेशनासमोर एक भय्या फळं घेऊन बसायचा. आजारी माणूस असल्याशिवाय सफरचंद कुणी विकत घेत नसे. भय्यानं विचारलं, "घर में कौन बीमार है?" रामू लाजला आणि "कोई नहीं, केक बनाने का है" म्हणाला. भय्यानं शेजारच्या पानवाल्याकडं बघितलं आणि दोघं हसले, असं रामूनं घरी येऊन रागानं सांगितलं.

भट्टी नव्हती, पण रेतीत भाजता येतं हे इंदुबाईला माहीत होतं. घरात मोठा टोप एकच, कोलंबी उकडायचा. तो तिनं राखेनं नि चिंचेनं घासून लख्ख केला. रेती दारातच होती. तिनं ती टोपात ओतली, वर मैदा, साखर, वनस्पती तूप, सफरचंदाच्या फोडी, दालचिनी आणि घरच्या कोंबड्यांची अंडी घालून केलेल्या पिठाचा डबा ठेवला, झाकणावर निखारे रचले. वरच्या सायीसाठी साखर पाट्यावर वाटून घेतली. केक असा फुलला, असा सोनेरी झाला की आत्माराम हातातलं जाळं बाजूला ठेवून बघायला आला. इंदुबाईनं तो धीरानं गार केला, वरून साय ओतली आणि पहिला तुकडा सुनेपुढं धरला.

पुष्पलतानं पदर नाकाला लावला आणि ती धावत मागच्या दारी गेली.

जमना केक खात होती. तिनं दुसरा तुकडा उचलला. "चांगला तर झालाय, वयनी. मडमच्या तोंडात मारील असा."

इंदुबाईला राग आला. एवढी साखर, एवढी सफरचंदं, सकाळपासूनचा धूर डोळ्यांत. ती मागच्या दारी गेली ती चार शब्द ऐकवायच्या तयारीनंच. पुष्पलता पाण्याच्या पिंपाला धरून उभी होती आणि रडत होती.

"काय झालं? मडमचा गोड लागतो, सासूचा नाय?"

"तसं नाय, आई."

"मग कसं?"

पुष्पलतानं इकडंतिकडं बघितलं. "मासळीचा वास येतो."

"केकला?"

"सगळ्याला. पेजेला येतो. भाकरीला येतो. गोधडीला येतो. मला काय सोसवत नाय." ती हुंदके देत म्हणाली, "कोणाला सांगू मी? मासळीच्या घरातली पोर मी."

मागोमाग आलेल्या जमनानं ते ऐकलं आणि ती कपाळावर हात मारून हसली. "ऐका! मांगेल्याची पोर, मांगेल्याची सून, नि हिला मासळीचा वास येतो! उद्या दर्याला म्हणशील, सरक तिकडं!"

"वन्सं, तुमचा केक संपला काय?" इंदुबाई म्हणाली. केक संपलेला नव्हता, म्हणून जमना परत आत गेली.

इंदुबाईनं अंगणातली मूठभर रेती उचलून हुंगली. तिला कसलाच वास आला नाही. टोप हुंगला. काही नाही. कालचे बोंबील आणि आजचे बोंबील यांतला फरक ओळखणाऱ्या या नाकाला बोंबलाचा वासच कळत नव्हता. वर्षानुवर्षं त्या रेतीत बोंबलांचं पाणी ठिबकलं होतं, आणि तीच रेती तापवून तिनं त्यात केक भाजला होता. तिचं तिलाच हसू आलं.

"उठ," ती सुनेला म्हणाली. "माझं नाक कामाचं नाय. आता तूच हुंगायचं नि सांगायचं."

पुष्पलताला आधी मस्करी वाटली. पण इंदुबाईनं खरंच एकेक वस्तू तिच्यापुढं आणून ठेवली. टोप? नको. पाटा? त्यावर सुकटीची चटणी वाटतात, नको. पळी नको, चाळण नको, फडकं नको. मैद्याचा डबा चालेल. साखर चालेल. आठवडाभर भिंतीकडं बघत पडलेली पोर आता घरभर फिरून नाक उडवत होती आणि सासू तिच्या मागं मागं हिंडत होती.

"अंडी?"

पुष्पलतानं अंडं नाकाशी नेलं. "नको. आपल्या कोंबड्या दिवसभर काय खातात?"

कोंबड्या दांड्यांखाली पडलेली मासळीच टिपत होत्या. इंदुबाईनं अंडं बाजूला ठेवलं.

बोईसरपलीकडच्या पाड्यावरची ठमी आठवड्याला लाकडाच्या मोळ्या घेऊन यायची. इंदुबाई तिला म्हणाली, "पुढच्या खेपेला तुझ्या कोंबडीची अंडी आण. नि डबाभर रेती."

ठमीनं मोळी टेकवली आणि आधी समुद्राकडं, मग इंदुबाईकडं पाहिलं. "रेती? तुझ्या दारात कमी हाय काय?"

"ती नको. तुझ्या नदीची पायजे. सूर्येची."

"काय करशील?"

"सुनेला केक करायचाय. गोड भाकर समज."

"रेतीत?"

"रेतीत."

"बाय, सुनेला जेवाय घाल नीट," ठमी म्हणाली. "रेती कशाला खाऊ घालतेस?" पण पुढच्या खेपेला तिनं दोन्ही आणलं. रेती धुऊन, वाळवून आणली होती. अंडी पळसाच्या पानांत बांधलेली होती. रामूनं पुन्हा भय्याचं हसू सोसून सफरचंदं आणली आणि बाजारातून नवं मडकं, नवं खापर नि एक पत्र्याचा डबा.

प्रश्न जागेचा उरला. दुपारनंतर वारा समुद्रावरून सुटतो आणि सगळ्या गावाच्या बोंबलांवरून फिरून घरात येतो. पण थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडं जाणारा. होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर पडतात. इंदुबाईनं घराच्या पूर्वेला, भाताच्या खाचरांच्या बाजूला तीन दगड मांडले. तिथं सकाळी नुसता पेंढ्याचा वास यायचा, असं पुष्पलताच म्हणाली.

होड्या गेल्या तशी इंदुबाई पदर खोचून पीठ कालवायला बसली. पुष्पलता जराशी मागं सरकली.

"आता काय?"

"आई, तुमच्या हातांना..."

इंदुबाईनं हात बघितले. साबणानं, लिंबानं, राखेनं धुतलेले. ती उठली आणि सुनेपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला शेवग्याजवळ जाऊन उभी राहिली.

"तू कर. मी इथनं सांगते."

"मला येत नाय!"

"मला तरी कुठं येत होतं? मडमनं काय मराठीत शिकवलं मला? तूप घे आधी. साखर घालून घोट. अजून घोट. पांढरं होऊ दे!"

पुष्पलतानं नव्या डब्यात तूप-साखर घोटली. पाटा बाद झाला होता, म्हणून वरच्या सायीसाठी साखर कागदावर पसरून काचेच्या बाटलीनं लाटली. सफरचंदं चिरताना एक फोड तिनं तोंडात टाकली. इंदुबाईनं ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

"सोडा किती?"

"चिमूट! मुठीनं नाय गो!"

जमना आवाज ऐकून बाहेर आली. सून चुलीपाशी आणि सासू झाडाखाली उभी राहून ओरडतेय, हे तिनं बघितलं. "हे काय नवीन? सुनेनं वाळीत टाकली काय तुला?"

"टाकली," इंदुबाई म्हणाली. "तुमी पण इकडं या. तुमच्या लुगड्याला तर माझ्याहून जास्त हाय."

जमनानं आपला पदर हुंगून बघितला. काही समजलं नाही, तरी ती येऊन वहिनीशेजारी उभी राहिली.

मडक्यात नदीची रेती तापली, वरच्या खापरावर निखारे फुलले. थोड्या वेळानं दालचिनीचा वास शेवग्यापर्यंत आला. पुष्पलतानं कोऱ्या फडक्यानं डबा उचलून दगडावर ठेवला. एका बाजूला जरा करपला होता, मधे थोडा बसला होता. इंदुबाईचा पहिला केक याच्यापेक्षा देखणा होता.

"आता गार होऊ दे," इंदुबाईनं बजावलं. "गार झाल्याबिगर साय ओतायची नाय. मडम..."

पुष्पलतानं साय ओतली होती. गरम केकवर ती ठरली नाही. विरघळली, भेगांतून आत मुरली, कडेनं ओघळली.

"अगो, थांब! गरम हाय अजून!"

"मला भूक लागलीय, आई!"

या वाक्याची त्या घरात कितीतरी दिवस सगळे वाट बघत होते. पुष्पलतानं सुरी शोधली नाही. हातानंच कडेचा तुकडा तोडला, फुंकर घालत खाल्ला, मग मधला तोडला. साखरेचा पाक मनगटावर उतरला तो चाटला. करपलेली बाजूही तिनं सोडली नाही.

"सावकाश," जमना म्हणाली. "पुन्हा बाहेर येईल."

"वन्सं, बोलू नका."

दोघी बघत राहिल्या. पुष्पलता खाऊन दगडाला टेकून बसली. एकदा तिनं पोटावर हात ठेवला तेव्हा इंदुबाईचा जीव वर आला. पण तिला नुसती ढेकर आली. तिचे डोळे मिटू लागले. थोड्या वेळानं ती डोळे न उघडताच म्हणाली, "आई, या मडक्यात पेज शिजवू काय उद्या?"

"शिजव."

"भात पण?"

"भात पण. आणखी एक मडकं आणायला लावते रामूला."

वारा पडायला आला होता. अजून थोड्या वेळानं तो फिरला असता. इंदुबाईनं लांबूनच सांगितलं, "उरलेला झाकून घे नि आत जा. पूर्वेच्या खोलीत निज, दर्याकडची खिडकी लावून घे."

"तुमाला नको?"

"दगडावर ठेव एक तुकडा. तू आत गेलीस की घेते."

पुष्पलतानं पळसाचं पान पुसून त्यावर एक तुकडा ठेवला, मग जमनाकडं बघून दुसराही ठेवला, आणि डबा पोटाशी धरून आत गेली. इंदुबाईनं दार लागल्याचा आवाज ऐकला आणि मगच पुढं झाली. तुकडा अजून कोमट होता, साय मुरून आतून ओला झाला होता.

"मडमचा असाच असतो?" जमनानं विचारलं.

"नाय," इंदुबाई म्हणाली आणि पानाला लागलेला चुरा बोटानं टिपून तिनं तोंडात टाकला. "मडमचा कोरडा असतो." मग ती दांड्यांकडं गेली, कारण बोंबील पालटायचे राहिले होते.